पॅच लावा, पण जागा मागू नका

ओरॅकलचा ऑक्टोबरचा रिलीज अपडेट आला आणि त्यामागोमाग वाचकांची पत्रेही. तक्रार जुनीच. ओपॅच निम्म्यावर पडला, होमच्या माउंट पॉइंटवर एक एमबी शिल्लक नाही, डाउनटाइम संपत आलेला. अशा घाईत हात आधी डॉट-पॅच-स्टोरेजकडे जातो, कारण फुगलेली डिरेक्टरी तीच दिसते. तिथे आरएम चालवलेत की रोलबॅक गेला. बदललेल्या मूळ फाइली तिथेच असतात. जागा करायची ती जुने ट्रेस, लिसनर लॉग आणि ऑडिट फाइलींतून. डिलीट करूनही डीएफचा आकडा हलत नसेल, तर कुठल्यातरी प्रोसेसने फाइल उघडी धरलेली असते. आणि जीबी शिल्लक दिसत असूनही लिहिता येत नसेल, तर आयनोड संपलेत का ते पाहा. मग पॅचआधी घेतलेला होम आणि इन्व्हेंटरीचा टार परत आणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. निम्म्या बदललेल्या होमवर डेटाबेस उठवून 'चालतंय की' म्हणणे हा निव्वळ जुगार आहे. डेटापॅच मात्र आर्काइव्ह भरल्याने पडला असेल तर होमला हात लावू नका. जागा करून तो पुन्हा चालवता येतो.

हे सगळे निस्तरता येते. निस्तरत नाही तो जागेचा अर्ज. त्यावर 'डेटा किती वाढणार' असा रकाना असतो. पॅचने डेटा वाढत नाही, म्हणून प्रामाणिकपणे शून्य लिहिले की अर्ज परत! आणि तेच साहेब महिनाअखेरीस पॅच का लागला नाही म्हणून खुलासा मागतात. ओपॅच जागा तपासतोच की, असे स्टोरेजवाले सांगतात. तपासतो, पण त्या क्षणापुरती. पुढच्या अर्ध्या तासात त्याच डिस्कवर दुसरे कोणी काय ओतणार, हे त्याला कसे कळावे? नवे होम शेजारी उभे करून डेटाबेस तिकडे वळवणे हा सुरक्षित मार्ग, पण त्याला 'दुप्पट जागा' लागते हा दुसरा आक्षेप. लागते, पण होमची, डेटाफाइलींची नव्हे. शिवाय काही बिनसले तर जुने होम जसेच्या तसे हाताशी राहते. जागा वाचवून काय साधते ते टोयोटाला विचारा. ऑगस्ट २०२३ मध्ये नेहमीच्या देखभालीत डेटाबेसमधला साठलेला डेटा काढताना डिस्क अपुरी पडली, पर्यायी सर्व्हरही त्याच सिस्टिमवर असल्याने तेही पडले, आणि जपानमधले १४ कारखाने थांबले. शेवटी डेटा मोठ्या क्षमतेच्या सर्व्हरवर हलवावाच लागला.

मंडळी, आपल्यातलेही काही जण अर्ज न करता 'बघू, बसेल' म्हणत रात्री पॅच लावायला बसतात. त्यांची कीव करायला आता आमच्याकडे जागा नाही. जानेवारीचा अपडेट येणार हे ठरलेले आहे. अर्ज याच आठवड्यात टाका, वाढीच्या रकान्यात शून्य लिहा आणि खाली नव्या होमचा आकार. नकार आला तर तो लेखी घ्या, चेंज रिक्वेस्टला जोडा आणि मगच तिच्यावर साहेबांची सही मागा.