गंजलेल्या लोखंडाची साक्ष

पुरातत्त्व म्हटले की सर्वसामान्य माणसाच्या नजरेसमोर नाणी, मूर्ती आणि ताम्रपट उभे राहतात. गंजलेल्या कुऱ्हाडीपुढे कोणी थांबत नाही. वस्तुतः भारताच्या प्राचीन इतिहासात नागपूरच्या परिसराला जे आगळे स्थान आहे, ते बव्हंशी अशा गंजलेल्या लोखंडामुळेच.

जुनापाणी, माहुरझरी, खापा, नायकुंड येथील शिलावर्तुळे म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील दफने होत. डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठाने टाकळघाट-खापा व माहुरझरी येथे उत्खनन केले, तेव्हा खंजिरांबरोबर कुऱ्हाडी, छिन्न्या, वाकस, खिळे आणि घोड्यांच्या लगामांचे लोखंडी भागही निघाले. पाते दांड्याला लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली कुऱ्हाड ही तर विदर्भाची खास ओळख. हे सारे बाहेरून आले असेल, असे म्हणण्याचीही सोय उरलेली नाही. नायकुंड येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली; मातीच्या विटा, भात्याच्या नळ्या आणि लोहमळी यांसह!

मात्र दफनातील वस्तू मृतासाठी निवडून ठेवलेल्या असतात. रोजच्या वापराची साक्ष वस्तीच्या थरांत शोधावी लागते आणि तेथे ती तुटपुंजी असते; कारण मोडलेले अवजार टाकून न देता पुन्हा तापवून घडविता येते. म्हणूनच मातीतला एखादा खिळा, मळीचा एखादा तुकडाही मोलाचा ठरतो. पण तो कोठे, कोणत्या थरात होता याची नोंद नसेल, तर त्याची किंमत भंगाराइतकीच.

नेमकी हीच नोंद आज धोक्यात आहे. काही शिलावर्तुळांना कायद्याचे संरक्षण आहे. पण कायद्याचा फलक दफनांपाशी थांबतो, शेजारची वस्ती मात्र उघडीच राहते. शहर वाढणार, रस्ते आणि ले-आऊट होणार, हे कोणी नाकारीत नाही. परंतु यंत्राने एका दिवसात उकरलेली जमीन पुन्हा वाचता येत नाही. तेव्हा अशा शिवारांत बांधकामाला परवानगी देण्यापूर्वी पुरातत्त्वीय पाहणी सक्तीची असावी आणि निघालेल्या लोखंडावर वेळीच रासायनिक प्रक्रिया व्हावी.

राजांनी आपली नावे ताम्रपटांवर कोरून ठेवली. नायकुंडच्या लोहाराचे नाव कोठेच नाही. त्याच्या हातची भट्टी हाच त्याचा शिलालेख. तो पुसू न देणे एवढे तरी नागपूरकरांना जमले पाहिजे.