रहस्यकथांविषयींचें आमचें सोवळें

सुशिक्षित गृहस्थाच्या दिवाणखान्यांतील कपाटांत ज्ञानेश्वरी असते, शेक्सपियर असतो, हरिभाऊ आपटे असतात; रहस्यकादंबरी मात्र उशीखालीं असते. रात्रीं दोन वाजेपर्यंत जागून ती वाचावयाची आणि सकाळीं तिचें नांव निघालें कीं नाक मुरडावयाचें, हा शिष्टाचार आमच्या वर्गांत फार दिवसांपासून रूढ आहे. आम्हींही तो कित्येक वर्षें पाळला. गेल्या सुट्टींत कांहीं रहस्यकथा आणि 'गंभीर' म्हणून गाजलेल्या कांहीं कादंबऱ्या लागोपाठ वाचण्याचा योग आला, आणि हा शिष्टाचार नुसता दांभिक नव्हे, तर वाङ्मयास अपायकारक आहे, अशी आमची खात्री झाली.

आक्षेप जुनाच आहे. अगाथा ख्रिस्ती यांची रॉजर ॲक्रॉइडच्या खुनाची कादंबरी १९२६ सालीं निघाली. तो खून कोणीं केला याची पर्वा आहे कोणाला, असा सवाल अमेरिकन टीकाकार एडमंड विल्सन यानें १९४५ सालीं टाकला. रहस्यकथेचे विरोधक म्हणतात तें थोडक्यांत असें: उत्तर कळलें कीं कोडें संपलें, आणि माणसें तेथें केवळ बुद्धिबळांतील प्यादीं. पुष्कळ पुस्तकांविषयीं हें खरें आहे, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. शेवटच्या प्रकरणांत अकस्मात् उगवणारा जुळा भाऊ आम्हांसही भेटला आहे. परंतु त्या भावास पूर्वसूचनेवांचून मज्जाव करणारा नियम रॉनल्ड नॉक्स या रहस्यकथाकार धर्मोपदेशकानेंच १९२९ सालीं घालून दिला होता, हें विसरूं नये. ज्या प्रकारास स्वतःचे नियम आहेत, त्याची परीक्षा नियम मोडणाऱ्यांवरून करणें हा न्याय नव्हे.

जपानी लेखक सेइचो मात्सुमोतो यांची 'पॉइंट्स अँड लाइन्स' या नांवानें इंग्रजींत आलेली कादंबरी पाहावी. मूळ पुस्तक १९५८ चें. क्यूशू बेटावरील काशीइच्या समुद्रकिनाऱ्यावर सरकारी खात्यांतील एक अधिकारी आणि उपाहारगृहांतील एक परिचारिका यांचीं प्रेतें आढळतात. प्रेमिकांनीं संगनमतानें जीव दिला, असें सर्वांनीं ठरवून टाकलें. एका वयस्क पोलिसास मात्र मृताच्या खिशांत आगगाडींतील जेवणाची पावती सांपडते. ती एकाच माणसाची असते. जिच्यासह मरावयाचें, तिला सोडून हा एकटाच जेवला कसा? या एका प्रश्नाच्या मागें जातां जातां सरकारी खात्यांतील लांचलुचपत उघडी पडते. एका यःकश्चित् पावतीकडे इतक्या आस्थेनें पाहावयास शिकविणारें पुस्तक करमणुकीचें असेल; क्षुद्र खास नव्हे.

केइगो हिगाशिनो यांच्या २००५ सालच्या 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' या कादंबरींत तर खून कोणीं केला हें आरंभींच सांगून टाकलें आहे. छळणाऱ्या पूर्वीच्या नवऱ्यास एक स्त्री मारते, आणि शेजारीं राहणारा गणिताचा शिक्षक तिला वांचविण्यासाठीं बेत रचतो. विल्सनचा प्रश्न येथें पहिल्याच प्रकरणांत निकालांत निघतो, तरीही पुस्तक खालीं ठेववत नाहीं. शेवटीं कोडें सुटतें तेव्हां जिंकल्याचा आनंद न होतां मन सुन्न होतें. तें प्याद्यांसाठीं सुन्न होतें काय?

आतां आमच्या गंभीर कादंबऱ्यांकडे वळूं. एकींत नायकाचें मन एका रात्रींत पालटतें. दुसरींत नायिका विहीर जवळ करते. कां? लेखकास पुस्तक संपवावयाचें होतें म्हणून. 'नियति' किंवा 'मनाची गूढता' असा शब्द पुढें केला कीं टीकाकार मान डोलावतात. रहस्यकथाकारास ही सवलत नाहीं. त्याचा वाचक मागलीं पानें उलटून हिशेब तपासतो, आणि एका दिडकीची तूट त्याला खपत नाहीं. कारणावांचून कार्य नाहीं आणि वाचकापासून लपवाछपवी नाहीं, हें बंधन गंभीर कादंबरीस जाचक कां वाटावें?

आमच्या सोवळ्याची किंमत मराठीनें भरली आहे. बाबूराव अर्नाळकरांनीं सहस्राहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांवर वाचकांच्या पिढ्या पोसल्या. त्यांतील बऱ्या कोणत्या, वाईट कोणत्या, आणि कां, याची निवड करण्याची तसदी आमच्या किती पंडितांनीं घेतली? पारखी नाहीं तेथें खरें नाणें आणि खोटें नाणें एकाच भावानें चालतें, आणि मेहनत करूं पाहणारा लेखक हिरमुसला होऊन बसतो. बंगालींत शरदिंदु बंद्योपाध्याय यांनीं १९३२ पासून ब्योमकेशाच्या कथा लिहिल्या, आणि त्याच लेखणीनें ऐतिहासिक कादंबऱ्याही लिहिल्या. त्या लेखणीस विटाळ झाला नाहीं.

रहस्यकथांची स्तुति करा, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. त्यांवर टीका करा, कठोर करा, पण वाचून करा, आणि जो गज त्यांना लावाल तोच आपल्या आवडत्या कादंबऱ्यांनाही लावा. त्यासाठीं प्रथम उशीखालचें पुस्तक मेजावर आणिलें पाहिजे. तेवढें धैर्य नसेल, तर निदान सकाळचें नाक मुरडणें तरी थांबवावें.