फेज वनपासून पाच मिनिटांवर

गेल्या शनिवारी मराठी विकिपीडियावर हिंजवडीचं पान उघडलं, तर खाली 'बाह्य दुवे'मध्ये कुणीतरी एका गृहप्रकल्पाची लिंक चिकटवलेली. 'फेज वनपासून पाच मिनिटांवर'! शुक्रवारी संध्याकाळी वाकडच्या पुलाजवळ अडकलेल्या कुणालाही विचारा, ही पाच मिनिटं किती वेळ चालतात :) लिंक उडवली. दहा सेकंदांचं काम. वाद घालायला समोर कुणी नव्हतंच, नुसता एक अंकपत्ता.

वाद झाला तो सोमवारी, कॅन्टीनमध्ये. कारण त्याच दिवशी मी एका किल्ल्याच्या पानावरूनही लिंक काढली होती, आणि ती निघाली आमच्याच टीममधल्या मित्राच्या ब्लॉगची. "अरे, बिल्डरची जाहिरात आणि माझी सात वर्षांची भटकंती तुला सारखीच वाटते?"

सारखी नाही वाटत. त्याने गडावरची पाण्याची टाकी मोजून लिहिलंय, मराठीत तेवढं दुसरीकडे वाचलेलं मला आठवत नाही. तरी मी लिंक परत टाकली नाही. स्वतःच्या साइटची लिंक स्वतः टाकू नये, आधी चर्चा पानावर सुचवावी, असं इंग्रजी विकिपीडियाचे संकेत सांगतात, आणि मला ते पटतं. लिंक टाकणारा मित्र आहे की बिल्डर, हे तपासणाऱ्याला दिसत नाही. त्याला दिसतं एवढंच की मालकानेच आपली पाटी लावली. एकाची चांगली म्हणून ठेवली, की दुसऱ्याची का काढली याचं उत्तर रोज देत बसा. आणि मराठीत हे काम करणारी माणसं आहेतच किती!

बरं, यातून गूगलवर वर चढता येतं म्हणावं, तर इंग्रजी विकिपीडियाने जानेवारी २००७ मध्येच बाहेरच्या लिंकांना 'नोफॉलो' लावलं. म्हणजे 'या लिंकवरून त्या साइटचं वजन वाढवू नका' अशी सर्च इंजिनांसाठीची खूण. तरी जाहिराती थांबल्या नाहीत. विकिपीडियावर आहे म्हणजे खरंच असणार, हा आपला भाबडा समज कुठल्या कोडने जाणार? त्यात सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलनेच सांगितलं, की ही खूण आता आज्ञा नाही, नुसता इशारा धरू. झालं!

मित्राला म्हटलं, लिंक सोड, फोटो कॉमन्सवर मुक्त परवान्याने चढव, आणि छापील पुस्तकाचा संदर्भ देऊन पानावर चार ओळी लिही. वाचकाला तिथेच माहिती मिळेल. यात एक गोची आहे, मान्य. त्याने स्वतः घेतलेली मापं लेखात चालणार नाहीत, स्वतःचं संशोधन म्हणून. म्हणजे त्याच्याकडे जे सगळ्यात मोलाचं आहे, तेच बाहेर राहणार. इथे माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्याला ते कळलं.

"फोटोखाली माझं नाव येईल?"

"फोटोवर क्लिक केलं की दिसतं."

"करतं कोण क्लिक?" म्हणाला आणि चहाचे पैसे न देता उठला. तीन फोटो चढवलेत त्याने काल रात्री. मापं अजून ब्लॉगवरच आहेत.