फांदी घेऊन जा!

बाल्कनीत काहीतरी हिरवं हवं म्हटलं की आपण आधी मनी प्लँट आणतो. मग तुळस, मग स्नेक प्लँट, मग कुणीतरी गिफ्ट दिलेला 'लकी बांबू'. पण झाड? म्हणजे खोड असलेलं, फुलांचा सडा पाडणारं खरंखुरं झाड? ते मात्र 'स्वतःचं घर झालं की बघू' या यादीत जातं. अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर झाड कोण लावणार?

माझं म्हणणं, लावा. आणि चाफाच लावा.

आता चाफा म्हणजे कुठला, हे आधी ठरवू. कारण मराठीत चाफ्यांचं मोठं खटलं आहे. सोनचाफा वेगळा, हिरवा चाफा वेगळा, जमिनीतून थेट फूल वर काढणारा भुईचाफा तर आणखीनच वेगळा. आडनाव एक, नातं काही नाही! मी बोलतेय ते देवळाच्या आवारातल्या चाफ्याबद्दल. पाच पाकळ्यांचं पांढरं फूल, मध्ये पिवळी झाक, आणि फांदी मोडली की पांढरा चीक. कुणी त्याला देवचाफा म्हणतं, कुणी खुरचाफा.

देवळातला म्हणून आपण त्याला अगदी आपला समजतो. प्रत्यक्षात स्वारीचं मूळ गाव मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटं. प्लुमेरिया हे शास्त्रीय नाव मिळालं ते चार्ल्स प्लुमिए या सतराव्या शतकातल्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून. तिथून निघालेला चाफा आपल्याकडे देवळात रुजला, बौद्ध विहारांत रुजला, कब्रस्तानातही रुजला. तिकडे लाओसचं राष्ट्रीय फूल झाला, हवाईत पाहुण्यांच्या गळ्यातला हार झाला. गेला तिथला झाला. नोकरीसाठी गाव सोडून आलेल्या आपल्यासारख्यांना याहून चांगला रूममेट कुठे मिळणार?

थोडा लबाडही आहे हं! रात्री याचा वास वाढतो. त्या वासाला भुलून मोठे निशाचर पतंग मधाच्या आशेने येतात, या फुलावरून त्या फुलावर फिरतात आणि परागीभवन करून जातात. मध मात्र फुलात थेंबभरही नसतो. इंटरव्ह्यूत ऐकलेलं पॅकेज आणि हातात पडलेला पगार, तसलाच प्रकार!

पण मी चाफ्याच्या प्रेमात आहे त्याचं कारण वेगळं. आईबाबांची जुनी बिल्डिंग, तळमजला अधिक तीन, रीडेव्हलपमेंटला निघाली. मीटिंगमध्ये कार्पेट एरिया, कॉर्पस, पार्किंग यावर तास तास चर्चा. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, ''आणि गेटजवळच्या चाफ्याचं काय?'' सेक्रेटरी म्हणाले, ''काकू, प्लॅनमध्ये लँडस्केप गार्डन आहे ना!'' विषय संपला. शहरातलं झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तसा १९७५ चा कायदाच आहे. ती रीतसर आली, आणि पावसाळ्यानंतर झाड गेलं.

काकू मात्र गप्प बसल्या नव्हत्या. त्याआधीच्या मे महिन्यात सोसायटीने पावसाळ्यापूर्वीची छाटणी करून घेतली, तेव्हा पडलेल्या फांद्या त्यांनी वॉचमनकरवी जिन्याखाली ठेवून घेतल्या. प्रत्येक फांदी पेपरात गुंडाळलेली, वर फ्लॅट नंबर. बारा घरं, बारा फांद्या. आमच्या घरची माझ्याकडे आली. आज ती बारा घरं विरारपासून ठाण्यापर्यंत भाड्याने विखुरली आहेत. माझ्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत यंदा एप्रिलमध्ये पहिला गुच्छ आला. आईला फोनवर फोटो पाठवला, तर तिचा रिप्लाय, ''अगं, हा तर आपलाच!''

आणि ते शब्दशः खरं आहे. बीपासून आलेलं रोप मूळ झाडासारखंच निघेल याची खात्री नसते. फांदीपासून वाढतं ते मात्र तेच झाड असतं. तेच फूल, तोच वास. बिल्डिंग पडते, झाड पडतं, पण हातभर फांदी वेळेवर उचलली तर चाफा पडत नाही.

तर आता कामाचं बोलू. फांदी घ्यायची ती फेब्रुवारी ते मेमध्ये. अंगठ्याएवढी जाड, फूट-दीड फूट लांब, हिरवी कोवळी नको, राखाडी झालेली हवी. चीक अंगाला लागला तर खाज सुटते, म्हणून हातमोजे घाला. पानं काढून टाका. आणि मग... काहीच करू नका! आठ-दहा दिवस सावलीत नुसती पडू द्या. कापलेलं टोक वाळून बंद झालं पाहिजे. ओल्या जखमेसकट मातीत खोचली तर फांदी हमखास कुजते.

कुंडी बारा इंची, खाली भोकं हवीतच. निम्मी माती, निम्म्यात जाड रेती आणि थोडं शेणखत. फांदी तीन-चार इंच आत, जवळ काठीचा आधार. एकदा पाणी, मग पानं फुटेपर्यंत अगदी बेताचं. दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात. तोवर उपटून बघायचा मोह आवरा! फुलासाठी वर्ष-दोन वर्षं धीर धरा. मोठा झाला की अठरा इंची कुंडी द्या.

ऊन मात्र भरपूर हवं, रोज किमान पाच-सहा तास. सावलीत नुसती पानं येतात. युरियाचा मारा केला तरी नुसती पानंच येतात. उन्हाळ्यात वरची माती सुकली की पाणी, पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून ठेवा. पावसात पानांच्या मागे नारिंगी पावडर दिसली तर तो तांबेरा. ती पानं खुडून कचऱ्यात टाका, कुंडीत नको. कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या फडक्याने पुसा आणि कडुलिंबाचं तेल फवारा. छाटणी करायची तर थंडी संपता संपता. फूल फांदीच्या टोकालाच येतं, त्यामुळे ऐन मोसमात शेंडे छाटले तर त्या वर्षीच्या फुलांना रामराम!

सगळ्यात महत्त्वाचं थंडीतलं. डिसेंबर-जानेवारीत चाफा पानं गाळतो आणि निव्वळ काठ्या उरतात. मेला समजून लोक एकतर कचऱ्यात टाकतात, नाहीतर घाबरून बादलीभर पाणी ओततात. दोन्हीत तो जातो. खोड दाबून बघा. टणक असेल तर स्वारी झोपलीय, झोपू द्या. मऊ पडलं असेल तरच काळजी. थंडीत पंधरा-वीस दिवसांतून एकदा घोटभर पाणी पुरे.

तुमच्याही ओळखीची एखादी बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला निघाली असेल. तिथे गेटपाशी, टाकीजवळ एखादा चाफा असेलच. छाटणी कधी आहे, एवढं वॉचमनला विचारून ठेवा. दोन फांद्या आणा. एक तुमच्या बाल्कनीत, दुसरी शेजारच्या घरात. घर बदलाल तेव्हा कुंडी टेम्पोत सगळ्यात शेवटी चढवा, म्हणजे सगळ्यात आधी उतरेल.