चौदा माणसांचे गाव

अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात, ग्रॅहम काउंटीत, निकोडेमस नावाचे गाव आहे. २०२० च्या जनगणनेत तेथे १४ माणसे नोंदली गेली. आकडा वाचून कोणीही म्हणेल, माळरानावरचे गाव, पाऊस बेभरवशाचा, तरुण शहरात गेले आणि गाव ओस पडले. हे खोटे नाही. पण निकोडेमसला खरा घाव कुठे बसला, ते यात कुठेच येत नाही.

हे गाव १८७७ साली वसवले ते मुख्यतः केंटकीहून आलेल्या कृष्णवर्णीयांनी. गुलामगिरी सुटून जेमतेम बारा वर्षे झाली होती. कॅन्ससमध्ये स्वतःची जमीन मिळेल, अशी पत्रके वाटली जात होती. रेल्वेने एलिसपर्यंत यायचे आणि तिथून सुमारे ५५ किलोमीटर माळ तुडवायचा. पोहोचल्यावर घर नाही, झाडाचा आडोसा नाही. आधी आलेली माणसे जमिनीत खड्डे खणून राहत होती आणि त्यांच्या चुलींचा धूर भुईतून वर येत होता. ते पाहून आपल्याला रडू कोसळले, अशी आठवण विलियाना हिकमन यांनी सांगून ठेवली आहे. कितीतरी कुटुंबे परत फिरली. जी राहिली, त्यांना पहिल्या हिवाळ्यात ओसेज आदिवासींनी शिकारीतला वाटा देऊन जगवले.

याच लोकांनी दहा वर्षांत शाळा, चर्च, हॉटेले, दुकाने, बँक आणि वर्तमानपत्रे उभी केली. येथे येऊन वसलेले एडवर्ड मॅकेब १८८२ मध्ये कॅन्ससचे राज्य लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. गुलामीची आठवण ताजी असताना गोऱ्या बहुसंख्येच्या राज्यात हे घडले, याचे मोल फार मोठे आहे.

पुढची पायरी रेल्वेची होती. १८८७ मध्ये गावकऱ्यांनी मतदान करून १६ हजार डॉलरचे रोखे काढायला मंजुरी दिली, कशासाठी, तर मिसूरी पॅसिफिकने आपल्या गावातून रूळ न्यावेत म्हणून. ते रूळ आले नाहीत. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकने मार्ग टाकला, तो सॉलोमन नदीच्या पलीकडून, काही मैल दूर. तिथे बोग हे गाव उभे राहिले आणि निकोडेमसचे व्यापारी दुकाने उचलून तिकडे गेले. १९३० च्या दशकातले दुष्काळ आणि धुळीची वादळे नंतरची. १९५३ मध्ये टपाल कार्यालयही बंद झाले.

१९९६ मध्ये सरकारने निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. टाउनशिप हॉल, दोन चर्च, हॉटेल आणि शाळा अशा पाच जुन्या वास्तू त्यात येतात. दर वर्षी जुलैअखेरीस देशभर विखुरलेले वंशज मुक्तिदिनाच्या जुन्या परंपरेने तेथे जमतात. ती माणसे जनगणनेत मोजली जात नाहीत, कारण जनगणना राहणाऱ्यांची होते. तो नियम योग्यच आहे. मात्र १४ हा आकडा छापणाऱ्याने त्याशेजारी १८८८ हे सालही छापावे. रूळ कुठून न्यायचे हे कंपनीने ठरवले आणि त्याची किंमत या गावाने मोजली.