‘कालीम’ या शब्दाकडे झालेले दुर्लक्ष

गेल्या वर्षी आमच्या मातोश्रींच्या गुडघ्यांचे क्ष-किरण छायाचित्र काढण्यात आले. अहवालातील मुख्य ओळ तीन हिब्रू शब्दांची होती: ‘शिनुयीम निवुनीयीम कालीम’. आम्ही पेशाने शिक्षक. तरीही तिचा अर्थ त्यांना ‘गुडघे झिजले’ असा सांगितला आणि ‘कालीम’, म्हणजे सौम्य, हा शब्द गाळून टाकला. वर, ‘आई, आता तू जिना उतरू नकोस’ अशी प्रेमाची ताकीदही दिली. तिसरा मजला, लिफ्ट नाही, वय ७८. चार महिने त्या घरात बसून राहिल्या. मांड्या वाळल्या, खुर्चीवरून उठणे जड झाले. हे नुकसान गुडघ्याने नव्हे, आमच्या अर्धवट भाषांतराने केले.

वाचकहो, या छायाचित्रात हाडे दिसतात, हाडांमधील कूर्चा दिसत नाही. दोन हाडांतील फट किती अरुंद झाली, कडेला हाडाचे बारीक कंगोरे फुटले आहेत काय, यावरून झिजेचा अंदाज बांधतात. केलग्रेन व लॉरेन्स या वैद्यकद्वयाने १९५७ साली ठरविलेली ० ते ४ ही श्रेणी अद्यापि वापरात आहे. तीत २ म्हणजे सौम्य. पन्नाशीनंतर अशा खुणा अनेकांत आढळतात आणि त्यांपैकी कित्येकांचा गुडघा मुळीच दुखत नाही. उलट, छायाचित्र जवळजवळ निर्दोष असूनही कळांनी हैराण झालेली माणसे असतात. वेदनेचे छायाचित्र निघत नाही!

म्हणून अहवाल हाती देताना डॉक्टरांनी दोन वाक्ये बोलावीत, असा आमचा आग्रह आहे. आणि ती बोलली गेली नाहीत तर आपण विचारावीत. परंतु अधिक दोष आपल्या घरांचा आहे. वडीलधाऱ्यांना बसवून ठेवणे हीच सेवा, अशी आपली समजूत. वास्तविक अशा झिजेवर पहिला उपाय म्हणजे मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, बेताने चालणे आणि वजन उतरविणे. एक किलो वजन घटले की दर पावलाला गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. गुडघा एकाएकी सुजला, लाल होऊन ताप आला किंवा अडकून बसला, तर मात्र त्वरित डॉक्टरांकडे जावे.

मातोश्री आता खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करतात व मराठीत पाच अंक मोजून खाली आणतात. गुरुवारी कठडा धरून बाजाराला उतरतात. गुडघे दुखतात, पूर्वीपेक्षा कमी.