फुकटच्या दाराने आलेला जासूस

'जासूस' आणि 'तजस्सुस' हे दोन्ही शब्द एकाच अरबी मुळातून उर्दूत आले आहेत. जासूस म्हणजे हेर, हे मराठी वाचकाला सांगायला नको. तजस्सुस म्हणजे दुसऱ्याच्या खासगी गोष्टींची चोरून टेहळणी करणे. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये अशा टेहळणीला मनाई आहे, आणि सूरह नूरमध्ये परवानगी घेतल्याशिवाय, सलाम केल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकू नये अशी ताकीद आहे. हा संस्कार आपल्या घरांत चांगला मुरलेला आहे. दाराला पडदा असतो, आलेला माणूस बाहेरूनच आवाज देतो, आतून 'या' म्हटल्यावरच चप्पल काढतो. पण त्याच पडद्याआड टेबलावर जो संगणक ठेवलेला असतो, त्याच्यात कोण शिरून बसले आहे याची चौकशी आपण करत नाही.

घरच्या संगणकात ठाण मांडून बसणाऱ्या स्पायवेअरबद्दल मला बोलायचे आहे. 'कितीदा काढले तरी परत येते' ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, आपण हेराला बाहेर काढतो, पण ज्या दाराने तो आला ते दार उघडेच ठेवतो. बहुतेक घरांत ते दार म्हणजे क्रॅक केलेले, फुकटात मिळालेले सॉफ्टवेअर.

यावर पहिला प्रश्न येतो, 'आमच्याकडे लपवण्यासारखे आहेच काय?' जरा मोजून पाहा. मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज त्याच संगणकावरून भरले जातात. आधार, पॅन, पासबुक, उत्पन्नाचा दाखला यांचे स्कॅन त्यातच असतात. घरातल्या शादीचे फोटो त्यात असतात. त्यात आपल्या लेकी-सुनांचे चेहरे असतात. स्पायवेअरमधला कीलॉगर नावाचा प्रकार आपण कीबोर्डवर दाबलेले प्रत्येक बटण टिपून घेतो. दुसरा प्रकार ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड एका झटक्यात उचलून नेतो. एकदा ईमेलचा पासवर्ड गेला की बाकीची कुलपे उघडायला वेळ लागत नाही, कारण 'पासवर्ड विसरलात?' या प्रश्नाचे उत्तर ईमेलवरच येते. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. हक्क न्यायालयाने मान्य केला; घरातला पहारा मात्र आपल्यालाच द्यावा लागेल.

आता दाराकडे वळू. विंडोज, ऑफिस किंवा डीटीपीच्या सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली प्रत ज्यांनी कधी टाकलेली पाहिली असेल, त्यांना आठवेल की सोबतच्या सूचनांत बहुधा पहिलीच ओळ असते, 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' म्हणजे घरात कोण येतो आहे हे कळण्याआधीच वॉचमनला सुट्टी. त्यानंतर तो 'अ‍ॅक्टिव्हेटर' अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकार मागतो आणि आपण 'येस' दाबतो. संगणकाच्या दृष्टीने ही चोरी नव्हे. मालकाने स्वतः चावी दिलेली असते.

उर्दूवाल्यांसाठी हा विषय आणखी जवळचा आहे. मराठी छपाईत जे स्थान श्रीलिपीचे, तेच उर्दूत इनपेजचे. शाळेच्या प्रश्नपत्रिका, मदरशाच्या पावत्या, निकाहच्या पत्रिका, मुशायऱ्याची पोस्टर्स, सगळे इनपेजमध्ये. पैसे देऊन घेतलेली प्रत मात्र मी फार कमी ठिकाणी पाहिली. बाकी सगळ्या पेनड्राइव्हवरून हातोहात फिरलेल्या, वर्षानुवर्षे अपडेट न झालेल्या. याचा परिणाम काय होऊ शकतो ते जगासमोर आले आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने इनपेजमधल्या एका छुप्या कच्च्या दुव्याचा वापर करून आशियातील वित्तसंस्थांवर हल्ले झाल्याचे उघड केले. नोव्हेंबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने अशाच दुसऱ्या हल्ल्याची माहिती दिली. त्यात ईमेलसोबत इनपेजची एक फाइल यायची. जुन्या इनपेजमध्ये ती उघडली की हेरगिरीचा प्रोग्राम संगणकात उतरायचा. या हल्ल्याचे बहुतेक लक्ष्य पाकिस्तानात होते. यातून मी एवढाच धडा घेतो की आपल्या भाषेचे सॉफ्टवेअर छोटे आहे, आपल्याकडे कोण बघतो, हा समज खोटा आहे.

मग एकदा शिरलेला हेर निघत का नाही? शेतातली हरळी ज्यांनी खुरपली आहे त्यांना हे पटकन कळेल. वरचे गवत काढले तरी खालची मुळी राहते आणि चार दिवसांत पुन्हा फुटते. स्पायवेअरही एका जागी राहत नाही. संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीत तो एक नोंद करतो. टास्क शेड्युलरमध्ये दुसरी नोंद करतो, म्हणजे ठरावीक वेळाने तो स्वतःला पुन्हा उतरवून घेऊ शकतो. ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन बनून बसतो. कधी दोन भाग एकमेकांवर नजर ठेवतात. एकाला बंद केले की दुसरा त्याला उठवतो. आणि रूटकिट नावाचा प्रकार तर विंडोजच्या डोळ्यांवरच पट्टी बांधतो, त्यामुळे फाइल तिथे असूनही यादीत दिसत नाही.

ब्राउझरच्या बाबतीत दोन गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत. पहिली म्हणजे सिंक. एक्स्टेन्शन एका संगणकावर असेल आणि खाते सिंक होत असेल, तर संगणक स्वच्छ केल्यावरही लॉगिन करताच ते परत उतरते. म्हणून आधी सिंक बंद करायचे, एक्स्टेन्शन काढायचे, मगच पुढचे. दुसरी गोष्ट म्हणजे क्रोमच्या मेनूत दिसणारे 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' हे वाक्य. ऑफिसच्या संगणकात ते असणे साहजिक आहे. घरच्या संगणकात दिसले तर विचारा, ही कुठली संस्था? काही सुरक्षा सॉफ्टवेअरमुळेही ते दिसू शकते. तसे काही नसेल, तर कोणीतरी परस्पर नियम घालून ठेवले आहेत असे समजून तपास करावा.

काढण्याचा क्रम साधा आहे. आधी इंटरनेट तोडा, म्हणजे हेराचा मालकाशी संपर्क तुटतो. नंतर विंडोजमध्येच असलेला मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. विंडोज सिक्युरिटीमध्ये स्कॅन ऑप्शन्सखाली तो सापडतो. यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण उठण्याआधीच तपासणी होते, म्हणजे हेर झोपेत असतानाच झडती. त्यानंतर स्टार्टअपची यादी, टास्क शेड्युलर, एक्स्टेन्शन आणि प्रॉक्सी सेटिंग एकेक करून पाहा. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेचे सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून सुरू आहे. तिथून सफाईची साधने मोफत मिळतात, तीही वापरावीत.

'तुमच्या संगणकात शेकडो व्हायरस सापडले, लगेच डाउनलोड करा' असे ओरडणाऱ्या खिडक्यांवर मात्र बोट ठेवू नका. सफाईचे साधनही ओळखीच्या ठिकाणचेच हवे. २००५ सालचे सोनी बीएमजीचे प्रकरण प्रसिद्ध आहे. गाण्यांच्या सीडीतून या कंपनीने ग्राहकांच्या संगणकात स्वतःला लपवणारे सॉफ्टवेअर घातले होते. बोभाटा झाल्यावर ते काढण्यासाठी जे साधन दिले, त्यानेच आणखी एक भगदाड पाडले. एवढ्या मोठ्या नावाच्या औषधाची ही गत, तर अनोळखी औषधाचे काय?

एवढे करूनही लक्षणे परत आली तर माझे स्पष्ट मत आहे की हेराशी घासाघीस करत बसू नये. फॉरमॅट करावे. पण फॉरमॅट म्हणजे काय, इथेच सगळे बिघडते. माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांच्या घरचा लॅपटॉप वर्षभरात तीन वेळा दुरुस्तीच्या दुकानात गेला. तिन्ही वेळा दुकानदाराने तोच पेनड्राइव्ह लावला, तेच क्रॅक केलेले विंडोज आणि तोच अ‍ॅक्टिव्हेटर टाकला, आणि दर वेळी महिनाभरात जाहिराती परत सुरू झाल्या. गंमत म्हणजे तो लॅपटॉप विकत घेताना त्यात अधिकृत विंडोज होते! अशा बहुतेक लॅपटॉपांत विंडोजची किल्ली मदरबोर्डमध्येच साठवलेली असते. तीच आवृत्ती पुन्हा टाकली की ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. पैसे भरून घेतलेली हक्काची वस्तू पुसून त्या जागी चोरीची बसवायची, आणि वर त्याची मजुरीही द्यायची!

म्हणून फॉरमॅट करायचे तर असे करा. कागदपत्रे आणि फोटो तेवढे बाहेर काढा, जुने सेटअप आणि प्रोग्राम तिथेच सोडा. दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा. जुनी सगळी पार्टिशन पुसून नव्याने विंडोज टाका. बाहेर काढलेल्या फाइली परत घेण्याआधी स्कॅन करा. आणि ज्या कामाचा लोकांना हमखास विसर पडतो ते करा: दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट व्हा, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. घर साफ केले, पण चोराच्या खिशात चावी तशीच राहिली, तर काय उपयोग? खात्यातून पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

शेवटचा आक्षेप पैशाचा, आणि तो मी हलक्यात घेत नाही. विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा पगार मला माहीत आहे. हजारो रुपयांचे सॉफ्टवेअर घ्या असे त्याला सांगणे ही थट्टा होईल. पण आज निवड महाग आणि चोरीचे यांच्यातच करावी लागत नाही. युनिकोडमुळे उर्दू आणि मराठी दोन्ही लिपी विंडोजमध्ये आधीच आहेत. नस्तालीकसाठी नोटो नस्तालीक उर्दू हा फाँट मोफत आहे, लिब्रेऑफिस मोफत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. ज्यांचा जुना संगणक नवे विंडोज पेलू शकत नाही त्यांच्यासाठी लिनक्स आहे. केरळच्या सरकारी शाळांत मुले गेली कित्येक वर्षे लिनक्सवरच शिकतात. इनपेजसारखी सुबक मांडणी यात लगेच जमणार नाही, हात बसायला वेळ लागेल, हे खरे. पण घटक चाचणीची प्रश्नपत्रिका काढायला निश्चित पुरते.

आपल्या शिक्षकांना माझे एवढेच सांगणे आहे की सुरुवात आपणच करू. पेनड्राइव्हवरची क्रॅक केलेली प्रत बहुतेक घरांत आपल्याच शाळांच्या, आपल्याच स्टाफरूमच्या वाटेने पोहोचते. 'सर, इनपेज आहे का?' असे कोणी विचारले तर पेनड्राइव्ह पुढे करू नका. दहा मिनिटे जवळ बसवून त्याला युनिकोडमध्ये उर्दू टाइप करायला शिकवा. तसेही शिकवण्यासाठीच आपल्याला पगार मिळतो.